फ्लास्कसोबत साधा ओआरएम कुठला घ्यावा? पीवी, एसक्यूएल-अल्केमी की हाताने एसक्यूएल

मिरजेची_वाचक

नमस्कार मंडळी, थोडा सल्ला हवाय, ओआरएम (टेबलातल्या ओळी पायथनच्या ऑब्जेक्टसारख्या वापरू देणारी लायब्ररी) निवडायचाय. आमच्या इथल्या एका जुन्या वाचनालयासाठी देवघेवीचं छोटं वेब ॲप लिहितेय, फ्लास्कमध्ये (पायथनचं छोटं वेब फ्रेमवर्क). पुस्तकं पंधरा-वीस हजार असतील, सभासद हजारभर, काउंटरवर दोन कॉम्प्युटर आणि एक ग्रंथपाल मॅडमचा, सगळे एकाच वायफायवर. डेटाबेस एसक्यूलाइटच (एका फाइलमध्ये राहणारा) ठेवायचाय कारण तिथे वेगळा डेटाबेस सर्व्हर सांभाळायला कोणी नाही, एक जुना विंडोजवाला डेस्कटॉप आहे तोच सर्व्हर.

टेबलं मोजकीच आहेत. पुस्तक, प्रत (प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक असतो म्हणून वेगळं टेबल), सभासद, देवघेव आणि वर्गणी. आत्तापर्यंत पायथनसोबत येणारं एसक्यूलाइट मॉड्यूल वापरून हातानेच क्वेरी लिहिल्या, चालतंय सगळं, पण आता प्रत्येक स्क्रीनला तीच तीच इन्सर्ट-अपडेट लिहायला लागतेय आणि आलेल्या टपलमध्ये (नावांशिवाय नुसत्या क्रमाने आलेल्या किमतींमध्ये) चौथा कॉलम म्हणजे फोन का पत्ता हे बघायला दर वेळी वर स्क्रोल करायचं, याचा कंटाळा आलाय.

एसक्यूएल-अल्केमी, पीवी आणि पोनी हे तीन ओआरएम बघितले. एसक्यूएल-अल्केमीचं डॉक्युमेंटेशन उघडलं तर इंजिन, सेशन, कोअर, डिक्लरेटिव्ह, मॅप्ड कॉलम, एवढं सगळं समजून घेतल्याशिवाय पहिलं टेबलच होत नाही असं वाटलं. पीवी बघितलं तर एका बैठकीत कळलं. पोनीमध्ये तर चक्क पायथनचं जनरेटर एक्स्प्रेशन लिहायचं आणि त्याचं एसक्यूएल होतं, छान वाटलं पण भीतीही वाटली. आणि जिथे बघावं तिथे लोक म्हणतात की एसक्यूएल-अल्केमीच शिक, बाकी सगळं खेळणं आहे. खरंच तसं आहे का? पाच टेबलांसाठी काय घ्यावं, आणि निवडताना नक्की कशाकडे बघायचं?

(कोहा आणि ई-ग्रंथालय ही वाचनालयांची तयार सॉफ्टवेअर बघून झालीत, तिथल्या मंडळींना फक्त देवघेव आणि वर्गणी हवीय, म्हणून हे.)

कोल्हापूरचा_बॅकएंड

ताई, पीवी घ्या. तुमचं वर्णन वाचून दुसरं काही सुचवावंसं वाटत नाही.

कारण सांगतो. पीवी म्हणजे मुख्यतः एकच पायथन फाइल आहे, उघडून वाचता येते. मॉडेलचा क्लास म्हणजे टेबल, ऑब्जेक्ट म्हणजे एक ओळ, आणि त्या ऑब्जेक्टवर सेव्ह म्हटलं की ती ओळ तिथल्या तिथे डेटाबेसात जाते. याला ॲक्टिव्ह रेकॉर्ड पद्धत म्हणतात. एसक्यूएल-अल्केमीचा ओआरएम डेटा मॅपर पद्धतीचा, म्हणजे तुमचे ऑब्जेक्ट वेगळे, टेबल वेगळं, आणि मधे सेशन नावाचा कारभारी जो कुठला ऑब्जेक्ट बदलला, कुठला नवा आला, हे सगळं लक्षात ठेवतो आणि योग्य क्रमाने एकदम लिहितो. मोठ्या, गुंतागुंतीच्या कामात तो कारभारी फार उपयोगी पडतो. पण तो आहे म्हटल्यावर त्याचे नियम कळायलाच हवेत, कमिट झाल्यावर ऑब्जेक्टची माहिती शिळी धरली जाते आणि पुन्हा हात लावला की परत क्वेरी जाते, सेशन बंद झाल्यावर सभासदाची देवघेव मागितली की डिटॅच्ड म्हणून एरर येते, वगैरे. पाच टेबलांसाठी हे शिकायलाच पाहिजे असं मला वाटत नाही.

आता कशाकडे बघायचं म्हणालात. माझ्या मते सिंटॅक्स किती गोड आहे ते सोडून द्या, तीन गोष्टी बघा. एक म्हणजे आपण लिहिलेल्या ओळीचं एसक्यूएल काय होणार हे आपल्याला अंदाजाने सांगता येतं का. पीवीत कुठल्याही क्वेरीवर एसक्यूएल मेथड चालवा, तयार झालेलं वाक्य आणि पॅरामीटर दोन्ही समोर येतात, आणि पीवी नावाच्या लॉगरला डीबग लेव्हल दिली की पान उघडताना गेलेली प्रत्येक क्वेरी दिसते. हे पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, कारण थकबाकीदारांच्या यादीत पन्नास नावं असतील आणि प्रत्येकाच्या पुस्तकाचं नाव टेम्प्लेटमधून मागितलं तर एक क्वेरी यादीची आणि वर पन्नास वेगळ्या, असा प्रकार कुठल्याही ओआरएममध्ये होतो. लॉग चालू असेल तर तो लगेच डोळ्यात भरतो, मग जॉइन किंवा प्रीफेच वापरून सगळं एकदम आणायचं.

दुसरं, कनेक्शन कधी उघडतं आणि कधी बंद होतं. फ्लास्क याबाबत तुम्हाला काहीच देत नाही, ते तुमचं काम. रिक्वेस्टच्या आधी कनेक्ट, टिअरडाउनमध्ये (रिक्वेस्ट संपताना) क्लोज, बस, आठ-दहा ओळी. पीवी प्रत्येक थ्रेडला स्वतःचं कनेक्शन देतं त्यामुळे तो घोळ होत नाही. ऑटोकनेक्ट मात्र बंदच ठेवा, म्हणजे कुठे कनेक्ट करायचं राहिलं असेल तर एरर येऊन कळेल, नाहीतर ते गपचूप उघडतं आणि बंद कोणी करत नाही.

तिसरं, सहा महिन्यांनी कॉलम वाढवायची वेळ येईल तेव्हा काय. पीवीचं क्रिएट-टेबल्स फक्त नसलेलं टेबल तयार करतं, असलेल्याला हात लावत नाही. कॉलम वाढवायला प्लेहाउसमध्ये (पीवीसोबत येणारी जादा मॉड्यूलं) मायग्रेट मॉड्यूल आहे, पण कुठला बदल झाला आणि कुठला राहिला याची नोंद ते ठेवत नाही. पीवीची ही लंगडी बाजू आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पोनीबद्दल, तुमची भीती बरोबर आहे. ते जनरेटरचा बाइटकोड उलगडून त्याचं एसक्यूएल करतं, कल्पना फार सुंदर आहे, पण पायथनच्या नव्या आवृत्तीत बाइटकोड बदलला की पोनीने तो शिकेपर्यंत तुम्ही जुन्या पायथनवर अडकता. वाचनालयाचा कॉम्प्युटर उद्या कोणीतरी फॉरमॅट करून नवं पायथन टाकेल, तेव्हा तुम्ही तिथे असालच असं नाही.

ठाणे_लोकल_देव

थोडा विरोध नोंदवतो. वरच्या पोस्टमधलं तांत्रिक सगळं बरोबर आहे पण निष्कर्ष मला पटत नाही.

एसक्यूएल-अल्केमी अवघड वाटतं याचं मोठं कारण म्हणजे नेटवर दोन जमान्यांचे ट्युटोरियल एकत्र पडलेत. २.० आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली, तिथून पुढे क्वेरी लिहायची एकच पद्धत धरायची, सिलेक्ट. जुन्या लेखांमध्ये सेशन डॉट क्वेरी दिसतं, ते अजून चालतं पण वारसा म्हणून ठेवलंय. फक्त नव्या पद्धतीचं वाचलंत आणि फ्लास्क-एसक्यूएल-अल्केमी एक्स्टेन्शन घेतलंत तर इंजिन आणि सेशनचं निम्मं काम ते स्वतः करतं, रिक्वेस्ट संपली की सेशन मोकळं करणं सुद्धा. मग पाच टेबलांची मॉडेलं पीवीपेक्षा फार लांब होत नाहीत.

आणि दोन ठिकाणी अल्केमी खरोखर सांभाळून घेतं. पीवीचं सेव्ह, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर, त्या ओळीतले सगळे कॉलम परत लिहितं. आता विचार करा, एका काउंटरवर सभासदाचा फॉर्म उघडलाय, तेवढ्यात दुसऱ्या काउंटरवर त्याच सभासदाची वर्गणीची तारीख पुढे सरकली, आणि पहिल्याने फक्त फोन नंबर बदलून सेव्ह केलं. त्या रिक्वेस्टने ओळ आधी वाचून घेतलेली असेल तर जुनी तारीख परत बसते. एसक्यूएल-अल्केमी बदललेले तेवढेच कॉलम अपडेटमध्ये घालतं. पीवीतही मॉडेलच्या मेटामध्ये ओन्ली-सेव्ह-डर्टी चालू करून हे टळतं पण ते माहीत असायला हवं ना.

दुसरं, मायग्रेशन, म्हणजे चालू डेटाबेसातल्या टेबलांची रचना बदलणं. अल्केमीसोबत वापरायचं अलेम्बिक नावाचं टूल तुमची मॉडेलं आणि डेटाबेस यांची तुलना करून स्क्रिप्ट लिहून देतं, कुठली झाली कुठली नाही याची नोंद डेटाबेसातच ठेवतं. फक्त तयार झालेली स्क्रिप्ट डोळे मिटून चालवायची नाही, कॉलमचं नाव बदललं तर ते त्याला कळत नाही, जुना कॉलम काढा आणि नवा घाला असं लिहितं, म्हणजे आतला डेटा गेलाच.

उद्या ॲप फास्टएपीआयवर (दुसरं वेब फ्रेमवर्क) न्यायचं झालं, असिंक हवं झालं, तरी अल्केमीत १.४ पासून ती सोय आहे, आणि एसक्यूएलमॉडेल हा ओआरएम तर त्याच्याच वर पायडँटिक (डेटा तपासणारी लायब्ररी) जोडून बांधलंय. म्हणजे शिकलेलं वाया जात नाही. ताई शिकत असतील तर नोकरीच्या दृष्टीनेही हे जास्त ठिकाणी मागतात.

डीबीए_नाशिक

दोघांचं वाचलं. मी ओआरएमच्या विरोधात नाही, पण या प्रश्नात ओआरएमला नको तेवढं महत्त्व मिळतंय. तुमचा डेटा शाबूत राहणार की नाही हे डेटाबेसात काय नियम घातलेत त्यावर ठरेल. ते नियम कुठल्याही लायब्ररीतून घालता येतात, घातले पाहिजेत.

सगळ्यात आधी, एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या खरोखर असलेल्या ओळीशीच जोडलेली हवी हा नियम) तपासणं डीफॉल्टला बंद असतं. दर कनेक्शनला प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची आज्ञा) देऊन चालू करावं लागतं. पीवीत डेटाबेस ऑब्जेक्ट करतानाच प्राग्मांची यादी देता येते, अल्केमीत कनेक्ट इव्हेंटवर छोटं फंक्शन लावायचं. हे केलं नाही तर सभासद डिलीट होईल आणि त्याच्या नावावरची पुस्तकं हवेत लटकतील, एरर येणार नाही.

दुसरं फार महत्त्वाचं. एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे असू शकते. हा नियम तुम्ही बहुतेक पायथनमध्ये इफ लावून तपासताय, आधी बघायचं की प्रत बाहेर आहे का आणि नसेल तर नोंद करायची. दोन काउंटरवरून एकाच क्षणी झालं तर दोघांनाही प्रत मोकळी दिसेल. त्यासाठी देवघेव टेबलावर पार्शियल युनिक इंडेक्स घाला, प्रतीच्या आयडीवर युनिक, पण जिथे परतीची तारीख नल आहे तेवढ्याच ओळींना. एसक्यूलाइटमध्ये २०१३ पासून हे आहे. पीवीत इंडेक्सला व्हेअर जोडता येतं, अल्केमीत एसक्यूलाइट-व्हेअर असा पर्याय आहे. मग कोणी कुठल्याही स्क्रीनवरून, अगदी बाहेरच्या टूलने सुद्धा, तीच प्रत दोनदा देऊ शकत नाही, डेटाबेसच नाही म्हणतो. तुम्ही फक्त ती इंटिग्रिटी एरर पकडून काउंटरवर मराठीत नीट संदेश दाखवा.

तिसरं, वॉल मोड (नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) चालू करा, वाचणारे आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा तरीही एका वेळी एकच, पण तीन कॉम्प्युटरला ते भरपूर झालं. आणि ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये आधी वाचून मग लिहायचंय ती इमीजिएट म्हणून, म्हणजे सुरुवातीलाच लिहिण्याचं कुलूप घेऊन, सुरू करा, पीवीत अटॉमिकला (ट्रान्झॅक्शन सुरू करणारी मेथड) तसं सांगता येतं. नाहीतर मधेच डेटाबेस लॉक्ड अशी एरर येते आणि टाइमआउट कितीही वाढवला तरी काही वेळा जात नाही, कारण वाचायला सुरुवात केल्यावर दुसऱ्याने लिहून टाकलं की त्या जुन्या चित्रावर लिहायला एसक्यूलाइट देतच नाही.

डेटाबेसची फाइल त्याच डेस्कटॉपच्या डिस्कवर हवी, शेअर्ड फोल्डरवर ठेवून तीन कॉम्प्युटरवरून उघडू नका, वॉल नेटवर्क फाइलवर चालत नाही. वीज जाते का तुमच्याकडे? जात असेलच. सिंक्रोनस प्राग्मा फुलवरच राहू द्या. वेगासाठी नॉर्मल करा असं लोक सांगतात, त्याने वॉलमध्ये फाइल खराब होत नाही हे खरं, पण वीज जाण्याआधीच्या शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात आणि काउंटरवर त्या नोंदी म्हणजे कोणाच्या तरी हातात गेलेली पुस्तकं असतात. बॅकअपसाठी चालू असताना नुसती फाइल कॉपी करायची नाही, शेजारच्या वॉल फाइलमध्ये ताजा डेटा असतो. व्हॅक्यूम इन्टू (पूर्ण डेटाबेसची नवी प्रत काढणारी आज्ञा) वापरा, रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर.

एवढं केलंत तर पीवी घ्या की अल्केमी, मला दोन्ही चालेल. हातानेच लिहायचं असेल तर तुमची टपलची अडचण रो फॅक्टरी लावली की सुटते, कॉलमच्या नावाने वाचता येतं. पण इन्सर्ट-अपडेट परत परत लिहायचा कंटाळा त्याने जात नाही, तो ओआरएमनेच जाईल.

मिरजेची_वाचक

बापरे, एवढं कोणी एका जागी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. पार्शियल इंडेक्सचं तर मला माहीतच नव्हतं, मी खरंच इफ लावूनच तपासत होते.

अजून एक अडचण आहे. जुनी माहिती सगळी एक्सेलमध्ये आहे, वेगवेगळ्या लोकांनी भरलेली, तारखा दिवस-महिना-वर्ष अशा, काही ठिकाणी नुसता मजकूर. आणि नावं सगळी मराठीत. ही आयात करताना ओआरएमचा काही फरक पडतो का? आणि नावांची यादी अकारविल्हे लावली तर मधेच क्रम बिघडतोय, काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी येतायत.

डीबीए_नाशिक

तारखांमध्ये फरक पडतो, आणि इथे अल्केमीच्या बाजूने एक गुण द्यायला हवा. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकार नाहीच, मजकूर म्हणून साठवली जाते. अल्केमीचा डेट कॉलम पायथनची डेटच मागतो, स्ट्रिंग दिली की एरर. पीवीचा डेटफील्ड स्ट्रिंग घेतो, त्याच्या माहितीतल्या फॉरमॅटमध्ये बसली तर ठीक, नाही बसली तर आहे तशी ठेवून देतो. म्हणजे १५/०६/२०२४ तशीच्या तशी आत जाईल आणि तुलना अक्षरांची होणार, त्यामुळे ती २०१९-०१-०१ च्या आधीची ठरेल आणि थकबाकीची यादी पार चुकेल. तेव्हा आयातीच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक तारीख स्वतः डेटमध्ये बदला, जी बदलत नाही ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये काढून ग्रंथपाल मॅडमना दाखवा. शिवाय टेबलावर चेक कन्स्ट्रेंट लावता येतो.

विदर्भ_युनिकोड

मराठीच्या भागाचं मी सांगते, हे काम बरंच केलंय.

तुमच्या यादीत ळ चा प्रश्न आहे. एसक्यूलाइट बाय डीफॉल्ट बाइटच्या क्रमाने लावतं आणि युनिकोडमध्ये ळ हे ल च्या लगेच नंतर, व च्या आधी ठेवलंय. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. त्यामुळे काळे आधी आणि कावळे, कासार मागे. अनुस्वाराचंही तसंच, त्याचा नंबर सगळ्या व्यंजनांच्या आधी आहे.

यावर दोन उपाय. पायथनमधून स्वतःचं कोलेशन (क्रम लावायचा नियम) नोंदवता येतं, पीवीत त्यासाठी डेकोरेटरच आहे. पण मग ती फाइल दुसऱ्या टूलने उघडली आणि त्या कॉलमवर इंडेक्स किंवा ऑर्डर असेल तर असं कोलेशन नाही म्हणून अडते. मी सुचवेन की नावाशेजारी एक क्रम-की कॉलम ठेवा, त्यात ळ च्या जागी ह नंतर येईल असं चिन्ह घालून तयार केलेली स्ट्रिंग भरा, त्यावर इंडेक्स, आणि यादी त्याच कॉलमने लावा. मॉडेलच्या सेव्हमध्ये तो आपोआप भरता येईल, फक्त पीवीत थेट अपडेट किंवा इन्सर्ट-मेनी वापरलं तर सेव्ह चालतच नाही हे ध्यानात ठेवा, आयात करताना नेमकं तेच वापरलं जातं.

शोधासाठी अजून एक. कऱ्हाड, गोऱ्हे यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, काही कीबोर्ड खालच्या बिंदूचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं झीरो-विड्थ जॉइनर. स्क्रीनवर अगदी सारखं दिसतं, डेटाबेसला वेगळं. एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली अक्षरं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत) केलं तरी हे दोन एक होत नाहीत, तेव्हा साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकाच प्रकारात बदलून घ्या. पुढेमागे असलेल्या स्पेसही त्याच फंक्शनमध्ये काढा.

आणि दाखल क्रमांक जर देवनागरी अंकात टाइप झाला असेल तर पायथनचा इंट तो बरोबर वाचतो, म्हणून पीवीच्या इंटिजरफील्डमधून गेला तर आकडा होऊनच बसतो. हाताने लिहिलेल्या इन्सर्टमधून गेला तर एसक्यूलाइट तो मजकूर म्हणूनच ठेवतं आणि मग १२ शोधून सापडत नाही.

ठाणे_लोकल_देव

हे अंकांचं मलाही नवीन. बरं, एवढं सगळं धरून तुमच्या जागी मी तरीही अल्केमी घेतलं असतं, पण कोल्हापूरकरांचा मुद्दाही मान्य की तिथे पुढे जो कोणी बघेल त्याला पीवीचा कोड पटकन वाचता येईल. सर्व्हर म्हणून वेट्रेस वापरा, विंडोजवर नीट चालतं, गनिकॉर्न विंडोजवर चालत नाही.

मिरजेची_वाचक

ठरलं मग, पीवी घेतेय. मुख्य कारण म्हणजे वाचनालयात एक मुलगा अर्धवेळ कामाला आहे, तो सध्या पायथन शिकतोय आणि पुढे हे त्यालाच बघायचंय, त्याला दोन्हींची देवघेवीची मॉडेलं दाखवली तर पीवीचं त्याने न विचारता वाचून दाखवलं. ओन्ली-सेव्ह-डर्टी, फॉरेन की, पार्शियल इंडेक्स, वॉल, इमीजिएट हे सगळं आजच घालतेय. दंडाची रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवतेय. मायग्रेशनचं तेवढं सांगा, नोंद कशी ठेवू?

कोल्हापूरचा_बॅकएंड

मायग्रेशनसाठी वेगळी लायब्ररी लगेच नको. एसक्यूलाइटच्या फाइलमध्येच युजर-व्हर्जन नावाचा एक पूर्णांक ठेवायची सोय असते, प्राग्माने वाचता-लिहिता येतो, सुरुवातीला शून्य. तुमच्या कोडमध्ये बदलांच्या फंक्शनची क्रमाने यादी ठेवा, ॲप सुरू होताना आकडा वाचा, त्याच्या पुढची फंक्शन एकेक करून अटॉमिकमध्ये चालवा आणि प्रत्येकानंतर आकडा वाढवा. फंक्शनच्या आत प्लेहाउसचं ॲड-कॉलम, रीनेम-कॉलम वापरा. कॉलम काढायचा असेल तर आधी त्या डेस्कटॉपवरच्या एसक्यूलाइटची आवृत्ती बघा, ड्रॉप कॉलम ३.३५ पासून आलंय, मार्च २०२१. त्याआधीची असेल तर नवं टेबल करून डेटा हलवायला लागतो.

अजून एक, मॉडेलच्या क्वेरीत दोन अटी जोडताना अँपरसँड वापरा आणि प्रत्येक अट कंसात. सवयीने पायथनचा अँड लिहिला तर एरर येत नाही, पहिली अट नुसती गळून पडते आणि दुसरीवरच निकाल येतो. त्या मुलालाही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.